पूर्वजांचें घर आणि प्रवासाचें कारण

आपले पूर्वज मूळचे कोठले, या प्रश्नाचा मोह मोठमोठ्या विद्वानांसही आवरलेला नाहीं. महाराष्ट्रापुरतें पाहिलें तरी इ. स. १८७३ मध्यें जोतीराव फुले यांनीं ‘गुलामगिरी’ लिहून आर्यांचें घर इराणांत दाखविलें, इ. स. १९०३ मध्यें लोकमान्य टिळकांनीं आपल्या ‘आर्क्टिक होम इन दि वेदाज्’ या इंग्रजी ग्रंथांत तें उत्तरध्रुवाजवळ नेऊन ठेविलें. आणि इतिहासाचार्य राजवाडे यांनीं ‘महाराष्ट्राचा वसाहतकाल’ या निबंधांत मराठ्यांच्या पूर्वजांस उत्तरेकडून विंध्य ओलांडून दंडकारण्यांत उतरविलें. तिघेही असामान्य बुद्धीचे, तिघेही स्वतंत्र बाण्याचे, आणि तिघांचीं मतें एकमेकांशीं न जुळणारीं. त्या मतांचें खंडनमंडन पुष्कळ झालें आहे. प्रस्तुत लेखांत त्यांकडे थोड्या निराळ्या बाजूनें पाहावयाचें आहे. माणसांचा एखादा समूह घर सोडून दूर गेला असें जो ग्रंथ सांगतो, तो घर सोडण्याचें कारण काय मानतो, आणि तें कारण माणसाच्या ओळखीचें आहे काय, ही ती बाजू होय. ‘कोठून’ या प्रश्नाचें उत्तर नकाशावर बोट ठेवून देतां येतें. ‘कां’ या प्रश्नाचें उत्तर देण्यास माणूस ठाऊक असावा लागतो. अशा ग्रंथाची वाङ्मयीन परीक्षा होते ती येथेंच.

प्रथम टिळकांचा ग्रंथ घेऊं, कारण तिहींत तोच अधिक बांधेसूद आहे. इ. स. १८९७ मध्यें राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांस कारावास झाला. त्या कारावासांत मॅक्समुल्लर यांनीं पाठविलेली ऋग्वेदाची प्रत त्यांच्या हातीं आली, आणि ग्रंथाच्या प्रस्तावनेंत त्यांनीं त्या उपकाराचें स्मरण केलें आहे. ‘ओरायन’ या इ. स. १८९३ च्या पुस्तकांत त्यांनीं नक्षत्रांच्या आधारें वेदांचा काळ मागें नेला होता. आतां ज्योतिषाच्याच आधारें वेदांचें स्थळ उत्तरेस नेलें. युक्तिवाद असा: ध्रुवावर सहा महिन्यांचा दिवस व सहा महिन्यांची रात्र असते. तेथील उषा घटका दोन घटकांची नसून कित्येक आठवड्यांची असते, आणि ती क्षितिजाच्या कडेनें चाकासारखी फिरते. ऋग्वेदांत उषा अनेकवचनीं येते. तैत्तिरीय संहितेंत तीस उषाभगिनींचा उल्लेख आहे. रात्रीचा अंत सुखरूप गांठतां यावा अशी ऋषींची व्याकुळ प्रार्थना आहे. अदितीनें आठ पुत्रांपैकीं सात देवांकडे नेले आणि आठवा मार्तंड टाकून दिला, ही कथा सात महिन्यांच्या उजेडाची. नवग्व व दशग्व यांचीं सत्रें त्याच लांब दिवसांचीं. अवेस्त्यांतील ऐर्यन वएज ही भूमि दहा महिन्यांच्या हिवाळ्यानें ग्रासली, ही कथा त्या घराच्या शेवटाची. बोस्टन विद्यापीठाचे अध्यक्ष वॉरन यांनीं मानवजातीचा पाळणा उत्तरध्रुवावर हालला असें इ. स. १८८५ मध्यें प्रतिपादिलें होतें. टिळकांनीं त्या कल्पनेच्या मागें वेदांचें बळ उभें केलें.

या ग्रंथाचा एक गुण असा आहे कीं, तो सिद्धांत न मानणाऱ्या वाचकासही नाकारतां येत नाहीं. ज्या ऋचा पंडितांनीं रूपक म्हणून बाजूस सारल्या होत्या, त्या टिळकांनीं साक्षीदाराच्या जबानीप्रमाणें कान देऊन ऐकल्या. अंधारांत उभा राहून उजाडण्याची वाट पाहणारा मनुष्य त्यांना त्या शब्दांमागें दिसला. उषःसूक्तें एकदां या ग्रंथाच्या संगतींत वाचलीं म्हणजे पुन्हां पूर्वीसारखीं वाचतां येत नाहींत. परंतु ग्रंथाचा दोषही याच ठिकाणीं उगवतो. साक्षीदार काय बोलला हें टिळकांनीं ऐकलें. तो कवि होता हें मात्र ते विसरले. रोज उगवणाऱ्या उषांची रांग कवीच्या डोळ्यांसमोर एकदम उभी राहूं शकते, आणि यज्ञासाठीं पहाटे अग्नि चेतविणाऱ्याला साधी हिवाळ्याची रात्रही अपार वाटूं शकते. बहुतेक उषःसूक्तें समोर उगवत असलेल्या उषेला उद्देशून आहेत. दूरच्या भूतकाळाचा सूर ज्यांत आहे अशा थोड्या ऋचांवर टिळकांनीं पेलणार नाहीं इतका भार टाकला आहे.

आतां कारणाकडे वळूं. टिळकांच्या मतें ध्रुवप्रदेश एके काळीं सुखोष्ण होता. इसवी सनापूर्वी १०००० ते ८००० या काळांत हिमयुग आलें, बर्फानें तें घर गिळलें, आणि आर्य दक्षिणेकडे निघाले. त्यांच्या काळच्या कांहीं भूस्तरशास्त्रज्ञांच्या आकड्यांवर हा हिशेब बसविलेला होता. पुढील शंभर वर्षांच्या संशोधनानें तो उलटा ठरविला. शेवटच्या हिमयुगाचा कडेलोट सुमारें २०,००० वर्षांपूर्वी झाला आणि सुमारें ११,७०० वर्षांपूर्वी तें संपलें. म्हणजे ज्या काळांत टिळकांच्या आर्यांवर बर्फ चालून येतें, त्या काळाच्या बहुतेक भागांत प्रत्यक्षांत बर्फ मागें हटत होतें. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं इ. स. १९४६ च्या ‘हू वेअर दि शूद्राज्?’ या ग्रंथांत याहून साधा प्रश्न विचारला होता: वैदिक आर्यांचें जीवन घोड्याभोंवतीं गुंफलेलें आहे, तो घोडा ध्रुवप्रदेशांत होता काय? प्रश्न एका ओळीचा आहे, पण नेमका आहे. रथाला जुंपलेल्या घोड्याचे सर्वांत जुने अवशेष उरल पर्वताच्या दक्षिणेकडील गवताळ प्रदेशांत, इसवी सनापूर्वी २००० च्या सुमाराचे सांपडले आहेत. ऋग्वेदांत नद्या आहेत, गाई आहेत, घोडे आहेत. गोठलेला समुद्र नाहीं, सील नाहीं, पांढरें अस्वल नाहीं.

उत्तरेकडे त्या काळीं माणूसच नव्हता असें मात्र कोणी समजूं नये. सैबेरियांतील याना नदीच्या कांठीं, ध्रुववृत्ताच्याही उत्तरेस, सुमारें ३१,००० वर्षांपूर्वी शिकारी लोक राहत होते हें या शतकाच्या आरंभीच्या उत्खननांत सिद्ध झालें. हें वाचून एखाद्यास वाटेल कीं, टिळक अखेर खरे ठरले. तसें नाहीं. तीस हजार वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्यांची आठवण रथ हांकणाऱ्या ऋषींच्या सूक्तांत टिकून राहिली, असें मानण्यास कोणताही पूल उपलब्ध नाहीं. ते लोक तेथें गेले होते तेही बर्फानें हांकलले म्हणून नव्हे, तर प्रचंड जनावरांच्या कळपांमागून. ध्रुवप्रदेशांत माणसें होतीं, पण त्यांचें जाणें आणि राहणें टिळकांच्या कल्पनेहून अगदीं निराळें होतें.

टिळकांच्या तीस वर्षें आधीं फुल्यांनीं याच स्थलांतराकडे दुसऱ्या टोकाकडून पाहिलें होतें. ‘गुलामगिरी’ हा जोतीराव व धोंडीबा यांचा संवाद आहे, आणि अमेरिकेंतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांस तो अर्पण केलेला आहे. त्यांत मत्स्य, कच्छ, वराह, नृसिंह, वामन, परशुराम हे अवतार नसून इराणांतून एकामागून एक चालून आलेल्या टोळ्यांचे नायक आहेत, आणि बळीचें राज्य हें त्यांनीं लुबाडलेलें या भूमीचें राज्य आहे. पुराणकथेचें कातडें उलटें करून दाखविण्याचें हें धाडस मराठी गद्यांत अपूर्व होतें, आणि त्यांतील संताप खरा असल्यामुळें तें गद्य अजूनही पोळतें. स्थलांतराचें कारणही येथें माणसाच्या ओळखीचें आहे: लोभ. तरीपण या ग्रंथाच्या युक्तीला एक चीर आहे. गुलामगिरी निंद्य ठरविण्यास मालक परदेशचा असावा लागत नाहीं. शेजारच्या घरांत जन्मलेल्या माणसानें लादलेला जुलूम हा जुलूमच होय. फुल्यांचा न्याय स्वतःच्या पायांवर उभा राहण्याइतका समर्थ होता. त्याला इराणची काठी देण्याचें प्रयोजन नव्हतें. काठी दिली, आणि पुढें वादी प्रतिवादी त्या काठीवरच तुटून पडले.

राजवाड्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांस दगडधोंड्यांतून, दानपत्रांतून, आडनांवांतून माणसें उठवितां येत. महाराष्ट्रिक, राष्ट्रिक व वैराष्ट्रिक असे तीन समूह उत्तरेंतून दक्षिणेंत आले, नागांमध्यें मिसळले, आणि त्यांतून मराठे झाले, असें त्यांचें म्हणणें. ते कां आले? बौद्ध धर्माच्या क्रांतीमुळें चातुर्वर्ण्याची घडी विसकटली, ती ज्यांना सोसली नाहीं ते अरण्यांत शिरले, असें राजवाडे सांगतात. कारण भव्य आहे आणि निबंधास शोभणारें आहे. परंतु शेतकरी, गुराखी, कुंभार, लोहार असे सहस्रावधि लोक एका तात्त्विक मतभेदावरून नर्मदा उतरले हें मनास पटत नाहीं. एखादा पंडित मतासाठीं गांव सोडील; अख्खा गांव सोडणार नाहीं. राजवाड्यांनीं स्वतःच्या मनांतलें कारण त्या सर्वांच्या मनांत घातलें. येथें तिन्ही ग्रंथांचा समान दोष दिसूं लागतो. तिघांच्याही लेखीं जाति हा एकच देह आहे. त्याला एकच मन आहे. तो एके दिवशीं उठतो, एका कारणासाठीं निघतो, आणि एका ठिकाणीं पोंचतो. प्रवास असा होत नाहीं.

ही चूक इतक्या मोठ्या बुद्धिमंतांकडून कां व्हावी? आमच्या मतें याचें मूळ आपण वाचीत असलेल्या प्रवासग्रंथांत आहे. प्रवासाचें जें वाङ्मय आपणांस उपलब्ध असतें तें बहुधा शोधकांचें असतें. शोधक निघतो तोच परत येण्यासाठीं. परत आल्यावांचून त्याचा शोध शोध ठरत नाहीं. त्याला उद्देश असतो, त्या उद्देशाला नांव असतें, आणि तो दैनंदिनी ठेवतो. स्थलांतर करणारा बहुधा यांतलें कांहींच करीत नाहीं. इ. स. १८३४ पासून मॉरिशस बेटावर करारबद्ध मजूर नेण्यास आरंभ झाला. त्यांत कोंकणांतील मराठी माणसेंही होतीं. त्या मजुरांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जतन केल्या आहेत. नांव, वय, जात, गांव, हें सर्व त्यांत टिपलेलें असे. कोठून आला हें कारकुनानें विचारलें. कां आला हें विचारण्याची त्याला गरज नव्हती. मग पुढच्या पिढ्यांतील विद्वान पूर्वजांची कथा लिहूं लागतात तेव्हां ती मोकळी राहिलेली जागा शोधकाच्या ग्रंथांतून उसन्या घेतलेल्या उद्देशानें भरली जाते, आणि निरक्षर पूर्वज एकदम ध्येयवादी होतात.

फ्रिट्यॉफ नान्सेन या नॉर्वेजियन शोधकाचें चरित्र या दृष्टीनें मोठें बोधप्रद आहे. इ. स. १८९३ मध्यें त्यानें ‘फ्राम’ हें जहाज मुद्दाम बर्फांत गोठूं दिलें आणि प्रवाहाबरोबर ध्रुवाकडे वाहूं दिलें. इ. स. १८९५ च्या एप्रिलांत तो आपल्या एका सोबत्यासह पायीं ८६ अंश १४ कलांपर्यंत पोंचला. तोंवर तितक्या उत्तरेस कोणी गेलें नव्हतें. ध्रुवाभोंवतीं भूमि नसून हजारों हात खोल समुद्र आहे हें त्याच मोहिमेनें दाखविलें. ध्रुवीय रात्रीचें त्यानें केलेलें वर्णन विस्मयानें भरलेलें आहे, आणि हा विस्मय परक्याचा आहे. तेथें जन्मलेल्या माणसाला ती रात्र म्हणजे नुसता हिवाळा. टिळकांचे ऋषि उषेकडे पाहून जे विस्मित होतात ते या नान्सेनसारखे होतात. टिळकपक्षाचें यावर उत्तर असें असेल कीं, तीं सूक्तें दक्षिणेंत आल्यावर, जुन्या आठवणींतून रचलेलीं आहेत. परंतु घर सोडलेला मनुष्य आठवतो तें तेथील नवल नव्हे. त्याला आठवतें तें तेथील नेहमींचें. विहीर, वाट, जनावरें, शेजारी. त्या आठवणींपैकीं एकही सूक्तांत नसावी आणि खगोलशास्त्रज्ञाला हवी तेवढीच आठवण उरावी, हें संशयास्पद आहे.

नान्सेनचें चरित्र येथें संपत नाहीं. इ. स. १९२१ मध्यें राष्ट्रसंघानें त्याला निर्वासितांचा उच्चायुक्त नेमलें. मायदेशानें नागरिकत्व काढून घेतलेल्या रशियन लोकांसाठीं त्याच्या नांवाचें ओळखपत्र निघालें, आणि इ. स. १९२२ मध्यें त्याला शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. ज्यानें हौसेनें घर सोडलें त्याच्याच हातीं घर सुटलेल्यांचा हिशेब आला. परंतु याच काळांत ग्रीस व तुर्कस्तान यांच्यामध्यें लोकांची अदलाबदल करण्याचा मार्गही त्यानेंच सुचविला. इ. स. १९२३ मध्यें लोझान येथें तसा करार झाला आणि सुमारें पंधरा लक्ष माणसें त्याखालीं आलीं. कित्येक त्याआधींच पळालेलीं होतीं. कोण मूळचा कोठला, हें धर्मावरून ठरविण्यांत आलें. घरीं तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसमध्यें ‘परत’ पाठविले गेले, आणि ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानांत ‘परत’ गेले. ज्या भूमीवर त्यांनीं कधीं पाऊल ठेविलें नव्हतें ती त्यांची मूळ भूमि ठरली. पूर्वजांचें घर शोधणें हा पंडितांचा निरुपद्रवी छंद आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं हा करार आठवावा. ग्रंथांतला ‘मूळचा कोण’ हा प्रश्न सरकारी कागदावर उतरला म्हणजे त्याचें उत्तर आगगाड्यांनीं आणि जहाजांनीं दिलें जातें.

आतां ज्यानें खरोखर गांव सोडलें आणि त्याचें कारणही सांगितलें असा एक मराठी मनुष्य पाहूं. पेणजवळील वरसईचे विष्णुभट गोडसे हे इ. स. १८५७ मध्यें आपल्या काकांसह उत्तरेस निघाले. घरीं दारिद्र्य होतें, डोक्यावर कर्ज होतें; मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून तेथें दक्षिणा चांगली मिळेल अशी बातमी कानीं आली होती. वाटेंत बंड उसळलें, झांशीच्या वेढ्यांत ते सांपडले, मिळविलेलें लुटलें गेलें, आणि शेवटीं गंगेची कावड घेऊन ते घरीं परतले. चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनीं ही हकीकत इ. स. १८८३ मध्यें लिहिली. वैद्यांनीं ती कांहीं फेरफार करून इ. स. १९०७ मध्यें छापली; आणि मूळ लेखनाबरहुकूम आवृत्ति दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनानें इ. स. १९६६ मध्यें निघाली. म्हणजे टिळकांचा ध्रुवग्रंथ आणि ‘माझा प्रवास’ हे चार वर्षांच्या अंतरानें वाचकांपुढें आले. एकांत हजारों वर्षें आणि हजारों मैल. दुसऱ्यांत एक भिक्षुक आणि त्याचें कर्ज. प्रवासाच्या कारणाविषयीं मात्र दुसरा ग्रंथ अधिक शिकवितो.

गोडसे भटजी कांहीं शोधण्यास निघाले नव्हते, कीं कोणी त्यांना हांकललेंही नव्हतें. घरची ओढाताण त्यांना ढकलीत होती, आणि ऐकीव बातमी त्यांना ओढीत होती. बातमी आणणारा कोणी होता, वाटेंत उतरण्यास ओळखीपाळखी होत्या, आणि मनांत परत येण्याचा बेत पक्का होता. स्थलांतराचें खरें रूप बहुधा असेंच असतें: थोडी टंचाई, थोडी आशा, पुढें गेलेला एखादा आप्त, आणि ‘दोन वर्षांत परत येऊं’ हा निश्चय. रत्नागिरीचे जे लोक मुंबईच्या गिरण्यांत आले ते असेच आले. पावसाळ्यांत शेतीसाठीं गांवीं परतण्याचा त्यांचा प्रघात पुष्कळ दिवस चालला. परतणें पुढें पुढें ढकललें जातें, मुलें तेथेंच मोठीं होतात, आणि नातवाला समजतें कीं आपल्या आजानें स्थलांतर केलें. आजाला तें कधींच समजलेलें नसतें. फार कशाला, खुद्द टिळकांचें कुटुंब रत्नागिरीहून पुण्यास आलें तें इ. स. १८६६ मध्यें वडिलांची शाळाखात्यांत बदली झाली म्हणून. त्यांत हिमयुग नव्हतें, कीं धर्मक्रांतिही नव्हती.

निसर्गाचा कोप हें कारण नसतेंच असें आमचें म्हणणें नाहीं. त्याचें उत्तम उदाहरण पुणें जिल्ह्यांतच आहे. शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजाच्या संशोधकांनीं इ. स. १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें. इसवी सनापूर्वी सुमारें १६०० ते ७०० अशी नऊशें वर्षें तेथें शेतकऱ्यांची वसति होती. शंभराहून अधिक घरें उजेडांत आलीं. आरंभीं चौकोनी, प्रशस्त; शेवटच्या तीनशें वर्षांत लहान, गोल झोंपड्या. पाऊसमान कमी होत गेलें, शेती आटली, शेळ्यामेंढ्यांवर भिस्त वाढली, आणि अखेरीस गांव ओस पडला, असा निष्कर्ष उत्खनन करणाऱ्यांनीं काढला. येथें हवामान हें कारण आहे, पण तें टिळकांच्या बर्फासारखें एकाएकीं चालून येत नाहीं. तीनशें वर्षें लोक झोंपडी लहान करीत राहिले, पीक बदलीत राहिले, पण हलले नाहींत. हे लोक मृतांस घराच्या जमिनीखालीं पुरीत, आणि प्रौढ मृतांचे पाय घोट्यांपाशीं तोडून टाकीत. मेलेल्यानें घर सोडून भटकूं नये म्हणून हें करीत असावेत, असा तर्क आहे. तर्क खरा असो वा नसो, ज्यांनीं मृतांसही घराशीं असें बांधून ठेविलें त्यांना स्वतः निघून जावें लागलें. घर सोडणें माणसास किती जड जातें हें त्या हाडांइतकें स्पष्ट कोणत्याही ग्रंथानें सांगितलेलें नाहीं.

आज या वादांत एक नवा साक्षीदार आला आहे. हाडांतील डी. एन. ए. या अनुवंशद्रव्यावरून पूर्वजांची वाट काढतां येते. इ. स. २०१९ मध्यें पांचशेंहून अधिक प्राचीन माणसांच्या तपासणीवरून असें प्रसिद्ध झालें कीं, इसवी सनापूर्वी २००० ते १५०० या काळांत मध्य आशियाच्या वाटेनें गवताळ प्रदेशांतील पशुपालकांचा वंशांश भारतांत आला. त्याच महिन्यांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजाचे वसंत शिंदे व त्यांचे सहकारी यांनीं सिंधुसंस्कृतींतील राखीगढी येथल्या एका स्त्रीच्या अवशेषांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. तिच्यांत तो अंश नव्हता. यावरून आपापल्या पक्षाचा विजय घोषित करण्याची घाई पुष्कळांनीं केली. वस्तुतः निष्कर्ष सर्वच पक्षांस अडचणीचा आहे. बाहेरून लोक आले, हें खरें; पण आजच्या भारतीय समाजांत कमीअधिक प्रमाणांत मिश्र नसलेला समाज शोधून सांपडावयाचा नाहीं, हेंही तितकेंच खरें. नुसता आक्रमक आणि नुसता भूमिपुत्र असे दोन स्वच्छ वंश या मातींत उरलेले नाहींत. ध्रुवावरून एकसंध उतरलेली जातही उरलेली नाहीं. मिश्रणाविषयीं राजवाडे त्यांच्या कारणांपेक्षां अधिक खरे ठरले. आणि एवढें सर्व कळूनही हाडें मुकीं आहेत ती एकाच प्रश्नाविषयीं. वाट त्यांतून कळते. त्या वाटेनें पहिलें पाऊल टाकणारा काय म्हणून निघाला, तें कळत नाहीं.

तेव्हां या ग्रंथांविषयीं आमचा अभिप्राय असा आहे. टिळकांचा ग्रंथ सिद्धांत म्हणून टिकला नाहीं. उषःसूक्तांचें एक तल्लख, एकाग्र वाचन म्हणून तो टिकेल. ‘गुलामगिरी’चा इराण गेला तरी तिचा प्रश्न जात नाहीं, कारण तो पूर्वजांचा नसून वर्तमानाचा आहे. राजवाड्यांचें कारण गळून पडलें तरी, लोक मिसळून समाज होतो, हें त्यांचें पाहणें खरें राहिलें. आणि विष्णुभट गोडशांचें पुस्तक, ज्यानें कोणताच सिद्धांत मांडला नाहीं, तें या सर्वांच्या शेजारीं ठेवून वाचण्याजोगें आहे. पूर्वजांविषयीं यापुढें जो कोणी लिहील त्यानें आपल्या कल्पनेंतल्या त्या दूरच्या माणसास एकदां तरी विचारावें: बाबा, कर्ज किती होतें, बातमी कोणी आणली, आणि परत कधीं येणार होतास? या प्रश्नांचीं उत्तरें पुराव्यानें मिळतीलच असें नाहीं. परंतु हे प्रश्न ज्याच्या मनांत आहेत तो लेखक आपल्या पूर्वजांस देव करणार नाहीं, आणि दुसऱ्याच्या पूर्वजांस चोरही ठरविणार नाहीं.